लकव्यानंतर हाताचा घरचा व्यायाम: मूठ आधी सोडायला शिकवा, दाबायला नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांना साडेतीन महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात. उजवा खांदा थोडा उचलला जातो, कोपर वाकतं, बोटं मिटतात. मिटलेली मूठ मात्र आपणहून उघडत नाही. घरी तुम्ही रोज दोनशे वेळा रबरी चेंडू दाबून घेता, आणि दाराच्या चौकटीला कप्पी लावून चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायला लावता. गेल्या काही दिवसांत खांदा दुखायला लागलाय आणि मूठ आधीपेक्षा घट्ट वाटतेय. घरी नेमकं काय करावं, किती करावं, आणि आता आणखी सुधारणा होईल का?

कप्पी आजच काढून टाका. निरोगी माणूस हात वर करतो तेव्हा दंडाच्या हाडाबरोबर पाठीवरचं खांद्याचं पातंही फिरतं आणि दंड जरासा बाहेरच्या अंगाला वळतो, म्हणून सांध्यात वरच्या बाजूला जागा राहते. लकव्यात पातं फिरवणारे स्नायू दुबळे पडलेले असतात आणि दंड आत वळवणारे आकडलेले असतात. अशा हाताला दोरीने ओढलं की हाड वर जातं, पातं जागचं हलत नाही, आणि मधल्या नाजूक भागाला दोन हाडांमध्ये चेप बसतो. माणूस स्वतःच दोरी ओढत असल्यामुळे ‘आणखी थोडं’ म्हणत रोज तेच घडतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोक्यावरच्या कप्पीचे व्यायाम करू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे.

चेंडूचं प्रकरण जरा वेगळं आहे. चेंडू दाबल्याने ताठरपणा वाढतो असं सर्रास सांगितलं जातं, पण ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. चेंडूवरचा माझा आक्षेप निराळा आहे. मिटणं वडिलांना आधीच येतंय, अडलंय ते उघडणं. रोजच्या दोनशे आवर्तनांची मेहनत तुम्ही येत असलेल्या गोष्टीवर खर्च करताय. हाताचं कोणतंही काम घ्या, वस्तू सोडता आली नाही तर पकडण्याचा उपयोग नाही. म्हणून यापुढे एक नियम धरा: जेवढं सोडता येतं, तेवढंच पकडायचं. चेंडू नंतर परत येईल.

मग मूठ घट्ट का झाली? बहुतेक खांद्याच्या दुखण्यामुळे. लकव्यानंतरच्या ताठरपणाला कुठलीही वेदना खतपाणी घालते: दुखरा खांदा, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, बोटात रुतलेलं नख, अंगाला झालेली जखम. मूठ किंवा कोपर अचानक घट्ट झालं की आधी हे तपासायचं, ताण देणं वाढवायचं नाही.

खांदा शांत होईपर्यंत, म्हणजे निदान दोन आठवडे, त्याची राखण हाच पहिला उपचार समजा. खुर्चीत बसल्यावर उजवा हात मांडीवरून खाली लोंबता कामा नये. पुढे उशी किंवा टेबल घेऊन कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग त्यावर टेकवा. उठवताना, बसवताना, पलंगावर सरकवताना हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. घरात खांदा बिघडतो तो बहुतेक वेळा याच ओढाओढीत, व्यायामात कमी. सदरा घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा. उताणं झोपल्यावर उजव्या खांद्याखाली आणि हाताखाली पातळ उशी, डाव्या कुशीवर झोपल्यावर उजवा हात छातीपुढच्या उशीवर. उजव्या कुशीवर झोपायचं तर खांदा थोडा पुढे ओढून घ्यावा, थेट त्यावर भार देऊन पडू नये. दुसऱ्याने हात उचलायचाच असेल तर खांद्याच्या उंचीपर्यंतच, अंगठा वर ठेवून, आणि दुखलं की थांबायचं. त्याहून वर न्यायचं असेल तर पातं कसं फिरवायचं हे फिजिओथेरपिस्टकडून हातात हात घेऊन शिका. ते लिहून नीट समजत नाही.

आता सुधारणेबद्दल. वेगाने होणारी सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत होते, हे खरं. त्यानंतर दार बंद होतं, हे खरं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ चाचणीत लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ जण होते. त्यांच्यातल्या एका गटाला दोन आठवडे दिवसाचे सहा तासांपर्यंत दुबळ्या हाताचा सराव दिला, आणि जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातावर जाड मोजा घातला. त्या गटाचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला. पण त्यात प्रवेशाची अट होती: मनगट आणि बोटं स्वतःच्या ताकदीने थोडी तरी वर उचलली गेली पाहिजेत. कमी हालचाल असलेल्यांसाठीही मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटं प्रत्येकी किमान दहा अंश. थोडक्यात, पुढचा रस्ता ठरतो तो मूठ किती उघडते यावर.

म्हणून आधी हे पाहा. हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगटापासून पुढचा पंजा टेबलाच्या कडेबाहेर लोंबता. वडिलांना पंजा वर उचलायला सांगा, मग बोटं सरळ करायला सांगा. खांदा उचलणं, अंग मागे टाकणं मोजायचं नाही. अजिबात काही हलत नाही, जराशी हालचाल दिसते, की पंजा स्पष्ट वर येतो, यांपैकी काय ते तारखेसकट लिहून ठेवा. सकाळी चहापाणी उरकल्यावर, अंग ताजं असताना पाहा. संध्याकाळचा हात वेगळाच असतो.

उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात आहे, आणि तिथेच बहुतेकांची भाषा असते. वडिलांना बोलणं समजायला जड जात असेल तर लांबलचक सूचना देऊ नका. स्वतः करून दाखवा, मग थांबा. काहींना हाताची ताकद असूनही ‘हात पुढे कर’ म्हटल्यावर काय करायचं ते सुचत नाही, आणि समोर पेला दिसला की हात आपोआप पुढे जातो. त्यांना नुसता व्यायाम देऊ नका, खरी वस्तू खऱ्या जागी द्या.

सत्राची सुरुवात मूठ मोकळी करण्यापासून. ही पाच मिनिटं घरोघरी चुकतात म्हणून सावकाश सांगतो. वडील खुर्चीत, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, उजवा हात टेबलावर. तुम्ही त्यांच्या उजव्या अंगाला बसा. बोटांच्या टोकांना हात लावू नका. टोकं धरून उलगडायला गेलात की मूठ आणखी आवळते आणि बोटांचे लहान सांधे दुखावतात. आधी मनगट हलकेच तळव्याच्या दिशेला वाकवा. बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या मनगटावरून पुढे गेलेल्या असतात. मनगट वाकलं की त्या सैल पडतात आणि बोटं आपोआप ढिली होतात. आता अंगठा. त्याचं टोक धरायचं नाही. बुडाशी जो मांसल उंचवटा आहे तो धरून अंगठा तळव्यापासून बाहेर काढा. अंगठा सुटला की अर्धी मूठ सुटली. मग करंगळीच्या बाजूने तुमची बोटं आत सरकवून चारही बोटं मुळापासून एकत्र सरळ करा. बोटं सरळ धरूनच मनगट वर आणायला लागा, आणि त्याला दहा-पंधरा सेकंद लागू द्या. झटक्याने ताणलेला स्नायू उलटा आवळतो, हा या ताठरपणाचा स्वभावच आहे. जिथे अडेल तिथे जोर लावू नका. थांबा, वडिलांना श्वास सावकाश सोडायला सांगा, वीस-तीस सेकंदांत तो अडसर तुमच्या हाताखाली विरघळताना जाणवेल. मग पुढे. असं तीन-चार वेळा.

मूठ उघडली की तळवा बघा. घाम, वास, नखांचे व्रण असतील तर कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करा, नखं कापा. हाताला स्पर्श नीट कळत नसेल तर पाणी आधी चांगल्या हाताने तपासायचं. बधिर हात भाजल्याचं घरच्यांना फोड आल्यावर कळतं.

ताण देऊन मूठ कायमची सुटत नाही. नुसतं स्ट्रेचिंग किंवा रात्रीची स्प्लिंट (पंजा सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी) यांच्या अभ्यासांमध्ये आखडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसलेला नाही. स्प्लिंट तळवा स्वच्छ ठेवायला आणि आरामासाठी वापरा, उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका. ताणाने मिळालेली ढिलाई थोडाच वेळ टिकते, आणि ती वापरण्यासाठीच असते. मूठ मोकळी झाली की लगेच सरावाला लागा. मध्ये फोन आला आणि वीस मिनिटं गेली तर ती पाच मिनिटं वाया.

पहिला सराव हात पुढे नेण्याचा. लकव्यात एक खोड असते: हात हवेत उचलायला गेलं की कोपर आपोआप वाकतं आणि बोटं मिटतात, सगळं एका साखळीत. हाताचं वजन जितकं जास्त पेलावं लागेल तितकी ही साखळी घट्ट. वजन टेबलाने पेललं की कोपर सरळ होतं आणि बोटांनाही उघडायला वाव मिळतो. ‘हवेत हात वर करा’ पेक्षा ‘टेबलावर हात पुढे सरकवा’ कितीतरी कामाचं आहे, ते यामुळे.

टेबल असं हवं की त्यावर हात ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात राहील आणि खांदा कानाकडे चढणार नाही. घडी केलेला टॉवेल टेबलावर ठेवा, त्यावर उजवा तळवा. टेबलाच्या कडेपासून २०, ३० आणि ४० सेंटीमीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करा. बिनचाकाची, पाठ असलेली खुर्ची घ्या आणि छातीभोवती, काखेखालून, रुंद पट्टा किंवा घडी केलेली चादर खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा. श्वास मोकळा राहील आणि गाठ एका ओढीत सुटेल अशी. हे बांधणं विचित्र वाटेल, पण लकव्याचा माणूस हात पुढे न्यायचा म्हणून अंग पुढे झुकवतो आणि कोपर आहे तिथेच राहतं. बघणाऱ्याला वाटतं हात पोचला. पोचलेलं असतं ते धड. धड मागे राहिलं की कोपराला सरळ व्हावंच लागतं. बांधलेलं असताना माणसाला एकटं सोडून उठू नका.

आता टॉवेल पुढच्या खुणेपर्यंत सरकवायचा, दोन सेकंद थांबायचं, परत यायचं. मोजायचं ते पुढे जाणं. परत येणं सोपं असतं, त्याची गणती नाही. आधी समोर, मग उजवीकडे तिरकं, मग डावीकडे तिरकं. खांदा कानाकडे चढला, कोपर बाजूला उडालं किंवा श्वास कोंडला, तर खूण लांब पडलीय, दहा सेंटीमीटर मागे घ्या. दहापैकी सात-आठ वेळा जमेल अशी अडचण ठेवावी हा माझा निकष. दहाच्या दहा जमलं तर काम सोपं आहे, चारच जमलं तर माणूस हिरमुसतो आणि चुकीच्या पद्धतीने रेटायला लागतो. टॉवेल सहज जायला लागला की त्यावर पाण्याची अर्धा लिटरची बाटली आडवी ठेवा, नंतर एक लिटरची.

दुसरा सराव सोडण्याचा, आणि माझ्या मते सगळ्या सत्राचं मोल यात आहे. प्लॅस्टिकचा हलका, रिकामा, साधारण सहा-सात सेंटीमीटर व्यासाचा पेला घ्या. सुरुवातीला पकडायला सांगूच नका. पेला तुम्ही त्यांच्या हातात द्या, हात टेबलावर टेकलेला राहू द्या, त्यांनी फक्त सोडायचा. पहिल्या दिवसांत मनगट तळव्याच्या बाजूला झुकवून सोडू द्या. मघाचंच कारण, दोऱ्या सैल पडतात. बोटं सुटली की पेला तुम्ही काढून घ्या. सुटायला दहा सेकंद लागले तरी थांबा. इथे घरच्यांचा धीर सुटतो आणि ते पेला ओढून घेतात. ओढला की मूठ आवळते. अडलं तर मनगटाच्या वरच्या बाजूला, हाताच्या पाठीवर, बोटांनी हलक्या थापट्या मारा आणि ‘अंगठा बाहेर’ एवढंच म्हणा. अंगठा हलला की बाकीची बोटं मागून येतात.

हे जमायला लागलं की मनगट सरळ ठेवून सोडणं, मग पेला एका खुणेवर उचलून दुसऱ्या खुणेवर ठेवणं, मग दहा सेंटीमीटर उंचीच्या डब्यावर ठेवणं. नंतर वस्तू लहान करत जा: बाटलीचं झाकण, खोडरबर, नाणं. नाण्यासाठी अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते. आधी ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून उचलू द्या, सपाट टेबलावरून नाणं उचलणं सगळ्यात शेवटी. कपडे वाळत घालायचे चिमटे चांगले, पण तेही सोडणं जमल्यावरच. चेंडू इथे परत आणा: दाबायचा, पूर्ण सोडायचा, तेव्हा एक. पूर्ण सोडला नाही तर ती फेरी मोजायची नाही.

टेबलाच्या कडेवरचं मनगट उचलणं रोज तीस-चाळीस वेळा घ्या. अगदीच हलत नसेल तर तुम्ही पंजा वर नेऊन द्या आणि त्यांना तो तिथे धरून ठेवायला सांगा, मग सावकाश खाली सोडायला. उचलण्याआधी धरून ठेवणं येतं, असा अनुभव पुष्कळांना येतो. इथे स्नायूंना विजेची उत्तेजना देणारं छोटं यंत्रही मदत करतं, हाताच्या वरच्या बाजूच्या स्नायूंवर पट्ट्या लावून. त्या पट्ट्या नेमक्या कुठे लावायच्या हे थेरपिस्टकडून पेनाने खुणा करून घ्या. दोन सेंटीमीटरची चूक झाली की बोटं उघडण्याऐवजी मनगट नुसतं एका बाजूला वळतं. यंत्राचा झटका येईल तेव्हा त्यांनी स्वतःही उघडायचा प्रयत्न केला पाहिजे, नुसतं बसून राहायचं नाही. हृदयात पेसमेकर असेल किंवा लकव्यानंतर फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नका.

बोटं अजून मुळीच हलत नसतील त्या दिवसांत आरसा वापरा. टेबलावर छातीच्या मधोमध, किमान दीड-दोन फूट लांबीचा आरसा उभा धरायचा, त्याची एक कड छातीकडे आणि दिसणारी बाजू चांगल्या हाताकडे. दुबळा हात आरशामागे झाकलेला, चांगला हात आरशापुढे. घड्याळ आणि अंगठी काढा, नाहीतर मेंदूला तो हात आपला वाटत नाही. मान किंचित वळवून आरशात बघायचं आणि चांगल्या हाताने सावकाश मूठ उघडायची, मनगट उचलायचं, पेला सोडायचा. मागचा हातही तसंच करायचा प्रयत्न करतोय असं मनाशी धरायचं. रोज अर्धा तास, दोन तुकड्यांत चालेल. आरशाची पद्धत आधी मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्यांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी वापरली होती. लकव्यात तिचा हालचालीला फायदा होतो हे नंतरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. काहींना गरगरतं किंवा उदास वाटतं. तसं झालं तर पाच मिनिटांवर आणा.

किती करायचं? २००९ मध्ये संशोधक कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष उपचारसत्रं मोजली, तेव्हा ज्या सत्रांत हाताने वस्तू हाताळण्याचा सराव झाला त्यात सरासरी फक्त ३२ आवर्तनं भरली. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे दिवसाला काही शे आवर्तनं होती. पुढे तासात तीनशे आवर्तनं माणसांनाही झेपतात हेही दिसलं. म्हणून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असं वाटेल. पण याच गटाच्या २०१६च्या अभ्यासात, लकव्याला सहा महिने उलटून गेलेल्यांमध्ये, एकूण ३,२०० आवर्तनं करणाऱ्यांत आणि ९,६०० करणाऱ्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. बत्तीस फार कमी. त्यापुढे मात्र आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा काम दर आठवड्याला थोडं अवघड होतंय का हे बघणं मोलाचं.

तुमच्या घरासाठी मी असं धरेन: रोज तासभर, आठवड्यातून सहा दिवस, वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे. कॅनडात तयार झालेला ‘ग्रास्प’ नावाचा स्वतः करायचा हाताचा कार्यक्रम याच मापाचा आहे, रोज एक तास, आठवड्यात सहा दिवस, चार आठवडे. १०३ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. एका तुकड्यात पुढे सरकवणं चाळीस, मनगट उचलणं दहा-बारा, सोडणं वीस ते तीस. सोडण्याचे आकडे कमी दिसतील, पण प्रत्येक वेळी लक्ष पूर्ण लागतं. दिवसाला दोनशे-अडीचशे झाले की पुष्कळ. लकव्यानंतरचा थकवा खरा असतो, आळस नसतो. तुकडा संपताना हात आधीपेक्षा घट्ट वाटत असेल तर त्या दिवशी दहा मिनिटं कमी.

हा तास झाला तरी दिवसाचे उरलेले जागे तास उरतात, आणि हात सुधारतो किंवा मागे पडतो तो त्या तासांत. चांगला हात सगळं पटकन करतो, दुबळ्याला प्रत्येक वेळी अपयश येतं, आणि हळूहळू जेवढं जमतं तेवढंही तो हात करेनासा होतो. हे दुबळेपण नव्हे, न वापरण्याची लागलेली सवय. ती मोडायला उजव्या हाताला ठरावीक कामं नेमून द्या, आणि ती कामं दुसऱ्या कुणी करायची नाहीत. लिहिताना कागद दाबून धरणं. डावा हात झाकण फिरवताना बाटली धरणं. दिव्याचं बटण मुठीने दाबणं. दार ढकलणं, खण बंद करणं, टेबल पुसणं, टॉवेलने तोंड पुसताना दुसरं टोक धरणं. सुरुवातीला पाच कामं पुरेत, कागदावर मोठ्या अक्षरांत भिंतीला लावा. वडील आधी उजव्या हाताने काम करणारे असतील तर ही सवय लावणं तुलनेने सोपं जातं.

मोजा घालून चांगला हात बांधायचा मोह आत्ताच नको. मूठ उघडत नसताना चांगला हात अडवला तर माणूस नुसता असहाय होतो. मनगट आणि बोटं दहा-वीस अंश उचलायला लागली की दिवसातून दोन तास, बसून करायच्या कामांपुरता, थेरपिस्टशी बोलून सुरू करा. डाव्या हातात काठी असते तेव्हा, जिन्यावर, गरम वस्तूंपाशी, न्हाणीघरात मोजा कधीही नाही.

मूठ अर्धवट उघडते पण ताठरपणा आडवा येतो, अशी अवस्था असेल तर न्यूरोलॉजिस्ट किंवा पुनर्वसन तज्ज्ञांना आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, चार-सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. इंजेक्शनने हात काम करायला शिकत नाही. ते फक्त खिडकी उघडतं, आणि त्या आठवड्यांत सोडण्याचा सराव दुप्पट केला नाही तर पैसे गेले समजा. ताठरपणा कमी करण्यासाठी तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाने गुंगी आणि अशक्तपणा येऊ शकतो. चालू असेल तर ते मनाने अचानक बंद करू नका.

महागडी यंत्रं नाहीत म्हणून वडिलांचं काही राहतंय असं वाटून घेऊ नका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या ‘रॅटुल्स’ या चाचणीत, २०१९ साली, रोबोटच्या मदतीने केलेला हाताचा सराव नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही.

काही गोष्टींसाठी मात्र घरच्या व्यायामावर वेळ काढू नये. पंजा सुजला, गरम, लालसर किंवा चकचकीत झाला आणि हलवलं की ओरड उठते, तर आठवडाभर वाट न बघता दाखवा. खांदा आणि पंजा दोन्ही धरणारा हा वेदनेचा विकार लवकर उपचार केले तर आवरतो. नुसती सूज असेल, वेदना नसेल, तर हात हृदयापेक्षा थोडा उंच उशांवर ठेवा आणि बोटांकडून कोपराकडे हलका मसाज करा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात किंवा पाय अचानक आणखी गळणं: व्यायाम तिथेच सोडून तातडीने इस्पितळात. वडील सतत गप्प, झोप उडालेली, सरावाला नको म्हणतात, तर त्याला हट्ट समजू नका. लकव्यानंतर जवळपास तीनातल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आणि उपचार आहेत, आणि ते सुरू झाल्यावर हाताचा सरावही पुन्हा रुळावर येतो.

एक वही ठेवा. दर रविवारी सकाळी, त्याच खुर्चीत, त्याच टेबलावर तीन आकडे: टॉवेल धड न हलवता कितव्या सेंटीमीटरपर्यंत गेला, हातातला पेला सुटायला किती सेकंद लागले, आणि सोडणं जमायला लागल्यावर, ६० सेकंदांत किती ठोकळे एका डब्यातून दुसऱ्यात गेले. सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ, कॅमेरा दर वेळी एकाच जागी. पेला सुटायला चौदा सेकंदांवरून नऊ सेकंद झाले ही सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते, आणि वडिलांना ती दाखवायलाच हवी. आकडे तीन आठवडे जागचे हलले नाहीत तर आवर्तनं वाढवण्याआधी काय बदललं ते शोधा: खांदा दुखतोय का, झोप कशी आहे, काम फार सोपं झालंय का, पेला कुणी ओढून तर घेत नाही ना. तरीही अडलं तर वही आणि पहिला-शेवटचा व्हिडिओ घेऊन थेरपिस्टकडे जा आणि टेबलावर समोर बसून सोडण्याचाच सराव करून दाखवा. चूक कुठे होतेय ते त्यांना बहुतेक दोन-चार फेऱ्यांतच दिसेल.